सहा दिवसांत गोळीचा निकाल लावू नकोस

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची आहे, गाव जालना जिल्ह्यात, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करते. दोनदा पूर्व निघाली नाही. गेले ४-५ महिने पुस्तक उघडलं की रडू येतं, अंघोळीचा पण कंटाळा, जगून काय करायचं असं वाटायचं. शेवटी एका दवाखान्यात दाखवलं. एस्सिटालोप्राम ५ एमजी दिली, आठवड्यानंतर १० करायला सांगितली आणि रात्रीसाठी क्लोनाझेपाम ०.२५, दोन आठवडे. आज सहावा दिवस. मळमळ, सारख्या जांभया, हात थरथरतात, पहाटे ३ ला जाग येते आणि छातीतली धडधड आधीपेक्षा जास्त झालीये. असं काही होईल हे डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं, ५ मिनिटांत बाहेर काढलं. रूममेटने स्ट्रिप बघितली, म्हणाली वेड्यांच्या गोळ्या खातेस का. आईला सांगितलेलं नाही. पूर्व दोन महिन्यांवर आहे. गोळी बंद करू का? सवय लागेल का? वाचलेलं लक्षात राहील का?

उत्तर :

अगं, बाकीचं सगळं नंतर, आधी मला एक सांग. तू लिहिलंयस "जगून काय करायचं असं वाटायचं". वाटायचं, का अजून वाटतं? हे मी आडून विचारत नाहीये, सरळ विचारतेय, कारण एस्सिटालोप्रामसारख्या डिप्रेशनवरच्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत असे विचार काही जणांना वाढू शकतात आणि ते जास्त करून तुझ्या वयात. अमेरिकेत २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत छापायला लावली. घाबरू नकोस, बहुतेकांना असं होत नाही, आणि उपचार न करता डिप्रेशन तसंच ठेवणं हा काही कमी धोका नाही. पण तुला माहीत पाहिजे. स्वतःला काही करून घ्यावं असा विचार आला, किंवा आत अशी तगमग झाली की एका जागी बसवत नाही, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, फोन लागला नाही तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं, कुणाला तरी सोबत घेऊन. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह कर, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री ३ ला पण उचलतात आणि मराठीत बोलतात. आणि तोपर्यंत गोळ्यांच्या स्ट्रिपा स्वतःजवळ ठेवू नकोस, ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडे दे आणि रोजची रोज मागून घे.

आता मळमळीचं बोलूया.

मी डॉक्टर नाही. पण हीच गोळी मी दीड वर्षं घेतलीये, आणि हे उत्तर पाठवायच्या आधी माझ्या एका सायकियाट्रिस्ट मैत्रिणीला पूर्ण वाचून दाखवलंय, तिने दोन ठिकाणी माझं वाक्य बदलायला लावलं ते बदललंय.

माझा तिसरा दिवस अजून तसाच डोळ्यांसमोर आहे. डोंबिवलीला राहायचो तेव्हा. सकाळी फोडणीत मोहरी टाकली आणि त्या वासाने मला सिंककडे पळावं लागलं, सासूबाईंना वाटलं दिवस गेले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला ना, तो बघून मला खरं सांगायची हिंमतच झाली नाही, मी नुसतं पित्त झालंय म्हटलं. चौथ्या दिवशी फास्ट लोकलमध्ये इतका घाम सुटला की ठाण्याला उतरले, बाकावर बसले आणि पुढच्या दोन गाड्या जाऊ दिल्या. जांभया तर विचारू नकोस, झोप आलेली नसायची तरी एकामागून एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, ऑफिसात साहेबांसमोर सुद्धा. आणि तुझ्यासारखीच पहाटेची धडधड. मला वाटलं मला ही गोळी चालत नाहीये, मी त्या एक-दोन टक्क्यांतली कुणीतरी असणार, माझं काहीच बरं होणार नाही. आता मागे वळून बघताना कळतं की तो विचार गोळीचा नव्हता, आजाराचा होता. आपलंच नशीब वाईट, आपल्यालाच सगळं लागतं, हे डिप्रेशनचं आवडतं वाक्य आहे.

हे का होतं ते मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर निम्मी भीती गेली असती, म्हणून तुला सांगते. ही गोळी सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करते, आणि आपल्या शरीरातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन, म्हणजे जवळपास ९० टक्के, डोक्यात नाही तर आतड्यात असतं. म्हणून पहिली कुरकुर पोट करतं. मळमळ, कधी जुलाब, कधी भूक मेलेली. पोटाला साधारण आठवडा-दोन आठवड्यांत सवय होते. डोक्याचं जरा उलटं आहे, तिथे गोळी पहिल्या दिवसापासून पोचलेली असते पण मेंदू त्या बदलाशी जुळवून घ्यायला काही आठवडे घेतो, आणि त्या मधल्या काळात काही जणांना बेचैनी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. म्हणजे त्रास आधी येतो आणि फायदा नंतर, हीच या औषधाची सगळ्यात वाईट गोष्ट आहे. लोक सोडतात ते नेमके याच मधल्या दिवसांत. फरक जाणवायला २ ते ४ आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला ६ आठवडे. तुझा सहावा दिवस आहे.

तुझी ती क्लोनाझेपाम पण बहुतेक यासाठीच दिलीये, या मधल्या दिवसांची धडधड आणि झोप सांभाळायला. हिच्याबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. दोन आठवडे सांगितलेत तर दोनच आठवडे, छान झोप लागते म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर आणून चालू ठेवायची नाही. बंद कशी करायची, एकदम का कमी करत, हे पण डॉक्टरांनाच विचार. सवय लागणारी गोळी ही आहे. एस्सिटालोप्रामची तशी चटक लागत नाही, जास्त जास्त घ्यावीशी वाटत नाही, पण ती एकदम बंद केली तर त्रास होतो, ते वेगळं प्रकरण आहे आणि त्याच्यावर खाली येतेच.

मग बंद करू का, या प्रश्नाचं उत्तर. आपल्या मनाने नाही. पण दात ओठ खाऊन सहन करत पण बसायचं नाही. आपल्याकडे मुलींना लहानपणापासून सहन करायचंच शिकवतात आणि मग आपण औषधाचा त्रास पण देवाने दिलाय असं समजून गप्प बसतो. डॉक्टरांच्या हातात खूप गोष्टी असतात. ५ वरून १० वर एका आठवड्यात जायच्या ऐवजी दोन आठवड्यांनी जाता येतं, वेळ बदलता येते, मळमळीवर थोडे दिवस काही देता येतं, आणि नाहीच जमलं तर दुसरी गोळी असते. मला पहिलीच लागू पडली, माझ्या मावसभावाला दुसरी पडली, पहिलीने त्याला महिनाभरानंतर पण काही फरक नव्हता. त्याने तेव्हा वैतागून सोडलं असतं तर आज काय असतं याचा विचार मी करत नाही.

तोपर्यंत मला जे उपयोगी पडलं ते असं. गोळी जेवल्यावर घ्यायची, रिकाम्या पोटी नाही. तू रात्री घेत असशील आणि ३ ला जाग येत असेल तर सकाळी नाश्त्यानंतर घेऊ का हे डॉक्टरांना विचार, बऱ्याच जणांना सकाळची सोसते, आणि ज्यांना झोप येते त्यांना रात्रीची. मेसचं तेलकट दोन वेळा पोटभर खाण्यापेक्षा थोडं थोडं चार वेळा खा, मुरमुरे, केळं, ताक-भात, आल्याचा तुकडा मीठ लावून. पाणी पी. आणि चहा! मला माहितीये अभ्यासिकेत काय चालतं, दर दोन तासांनी खाली उतरून कटिंग, दिवसाला सात-आठ होतात. आधीच हात थरथरतायत, धडधड आहे, त्यात इतका चहा म्हणजे आगीत तेल. दोनवर आण, दुपारनंतर नको. एकदम बंद पण नको करूस, डोकं दुखेल आणि तू म्हणशील गोळीने दुखतंय.

अजून एक, जे मुली विचारत नाहीत. पाळीत पोट दुखतं म्हणून आपण सर्रास मेफेनॅमिक ॲसिडवाली किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतो. या औषधासोबत तसल्या पेनकिलर घेतल्या तर रक्तस्राव व्हायची, पोटात त्रास व्हायची शक्यता वाढते, त्यामुळे पॅरासिटामॉल चालेल का ते विचारून ठेव. ट्रामाडॉल असलेली पेनकिलर, खोकल्याचं डेक्स्ट्रोमिथॉर्फनवालं सिरप, मायग्रेनची गोळी, काही पण नवीन घेताना "मी एस्सिटालोप्राम घेते" एवढं वाक्य बोलायचं. दारू नको. आणि एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

एका आठवड्याने, दोन आठवड्यांनी काय बदललं हे आपल्याला आपलं कळत नाही, म्हणून मी एका जुन्या डायरीत रोज एक ओळ लिहायचे. मळमळ किती, झोप किती, काय खाल्लं. सतराव्या दिवशीची ओळ आहे, "भाजीवालीशी भांडले". कोथिंबिरीची जुडी सुकलेली होती आणि तिने २० रुपये सांगितले आणि मी चक्क हुज्जत घातली, ही नको ती दाखवा म्हणून. घरी येऊन लिहिताना लक्षात आलं की चार महिन्यांत मी कुणाशी कशावरून भांडलेच नव्हते, जे देतील ते घेऊन यायचे, सडकं असलं तरी. त्या दिवशी मला ताजी कोथिंबीर पाहिजे होती. आनंद वगैरे काही झाला नव्हता गं, ढग दूर झाले, सूर्य आला असं काही होत नाही. एवढंच, की काहीतरी पाहिजे वाटलं. तुझ्या वहीत पण अशी एखादी ओळ येईल, बघत राहा, ती शोधायला लागते.

आता रूममेट. वेड्यांच्या गोळ्या हा शब्द ऐकून तुला काय झालं असेल मला कळतं, कारण असंच बोलणं मी आमच्या घरात वेगळ्या आजाराबद्दल ऐकलंय. माझ्या आजीला टीबी झाला होता, मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये होती कितीतरी महिने. बरी होऊन आली तरी तिचा कप-बशी वेगळी, तिचं नाव लग्नाच्या बोलणीत घ्यायचं नाही, आत्याचं स्थळ मोडलं ते यावरून. आज कुणाला टीबी झाला तर डॉट्स घे, सहा महिन्यांत बरा होशील असं आपण सहज म्हणतो. आणि गंमत नाही, खरं आहे हे, डिप्रेशनवरच्या औषधांची सुरुवात टीबीच्याच वॉर्डात झालीये. १९५२ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये टीबीच्या पेशंटना इप्रोनियाझिड नावाचं औषध देऊन बघत होते, आणि खंगलेली, अंथरुणाला खिळलेली माणसं एकदम खायला-बोलायला लागली, उत्साही झाली. पुढे काही वर्षांत हेच औषध डिप्रेशनसाठी वापरलं गेलं. तुझी गोळी त्याच्या खूप नंतरची आणि खूप सुरक्षित, वेगळ्या कुळातली. पण आजीचा तो वेगळा ठेवलेला कप आणि तू आईपासून लपवलेली ही स्ट्रिप, मला दोन्ही एकसारखंच दिसतं.

रूममेटला सगळं सांगायची गरज नाही. "झोप आणि टेन्शनसाठी डॉक्टरांनी दिलंय, चालू आहे उपचार" एवढं पुरे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, कॉलेजात, क्लासमध्ये, भावी सासरी कुणाला ती आपोआप कळत नाही. पण मी तुला एक विनंती करते, एका माणसाला तरी नीट सांग. आई नसेल जमत तर भाऊ, मैत्रीण, कुणीही. कारण काय सांगू का, पहिल्या महिन्यात आपल्यात काय बदल होतोय हे बाहेरच्यालाच आधी दिसतं. चांगला पण आणि वाईट पण. उदाहरणार्थ तू अचानक दोन-दोन तास झोपूनही फ्रेश, बोलणं थांबेना, पैसे उधळतेयस, हजार प्लॅन, असं झालं तर तुला ते बरं वाटणं वाटेल, पण ते बरं वाटणं नाही, ते ताबडतोब डॉक्टरांना सांगायचं आहे. घरात कुणाला बायपोलर, म्हणजे कधी असा अति उत्साह तर कधी खोल उदासी असा आजार, असेल तर ते पण सांगायचं, विचारलं नसलं तरी. अंगावर पुरळ, तोंड-ओठ सुजणं, किंवा ताप, अंग ताठ होणं आणि बडबड, गोंधळ, यातलं काही झालं तर सरळ हॉस्पिटल.

आईबद्दल जबरदस्ती नाही. मी माझ्या सासूबाईंना दोन महिन्यांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, नामस्मरण कर, गोळ्या कशाला. मी म्हटलं दोन्ही करते. त्यानंतर रात्री जेवण झालं की पाण्याचा तांब्या त्याच आणून ठेवायच्या, गोळी घेतलीस का हे कधी विचारलं नाही, तांब्या मात्र चुकला नाही. आपल्या आया कशा वागतील हे आपल्याला वाटतं तितकं माहीत नसतं.

सवय लागेल का, आयुष्यभर घ्यावी लागेल का. पहिल्यांदाच झालेलं असेल तर साधारणपणे बरं वाटायला लागल्यावर पुढे अजून सहा ते नऊ महिने तरी चालू ठेवायला सांगतात, मग हळूहळू कमी करत बंद. काहींना जास्त काळ लागते. माझी चूक इथेच झाली. चार महिन्यांनी मी इतकी छान होते की दिवाळीला माहेरी जाताना स्ट्रिप घेतलीच नाही, म्हटलं आता काय गरज. तिसऱ्या दिवसापासून मान किंवा नजर पटकन वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका, चक्कर, सगळ्यांवर चिडचिड, भाऊबीजेला भावावर ओरडले. मला वाटलं मानेचं काहीतरी आहे, हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं, एक्स-रे काढला. कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण गोळी बंद केलीये हे मी सांगितलंच नव्हतं. परत सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत झटके गेले, आणि पुढच्या वर्षी डॉक्टरांनी दोन-अडीच महिने घेऊन हळूहळू कमी केली तेव्हा जवळपास काही जाणवलं नाही. म्हणून गावाला जाताना एसटीत बसायच्या आधी स्ट्रिप मोज, चार दिवसांच्या जास्तीच्या घे, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेव. पैशांची ओढाताण असेल तर जनऔषधी केंद्रात हेच औषध जेनेरिक नावाने बरंच स्वस्त पडतं.

अजून एक, ज्याबद्दल मला कुणीच बोललं नव्हतं आणि मी पण कुणाला विचारलं नाही. या गोळ्यांनी शरीरसंबंधाची इच्छा कमी होते किंवा समाधान मिळायला वेळ लागतो, बऱ्याच जणांना, बायकांना पण आणि पुरुषांना पण. तुला आत्ता हा प्रश्न नसेल, पण पुढे कधी जाणवलं तर आपल्यातच काहीतरी बिघडलंय असं समजून वर्षभर नवऱ्यापासून तोंड लपवू नकोस, मी लपवलं. डॉक्टरांना सांगायचं, डोस बदलता येतो, गोळी बदलता येते. वजनाचं पण तसंच, महिन्यातून एकदा काट्यावर उभी राहा, वाढत असेल तर बोल.

अभ्यासाचं राहिलं. वाचलेलं लक्षात राहत नाहीये ते गोळीने की आजाराने, तूच बघ, गोळी सहा दिवसांची आहे आणि पुस्तक उघडलं की रडू येतंय पाच महिन्यांपासून. एकाग्रता जाणं हे डिप्रेशनचंच लक्षण आहे. हे दोन आठवडे मोठं टार्गेट ठेवू नकोस, नवीन विषय काढू नकोस, झालेल्याची उजळणी कर, चाळीस मिनिटं बसायचं आणि शनिवार पेठेपर्यंत चालून यायचं. दोन महिन्यांनी परीक्षेला बसायचं की नाही हे आज ठरवायचं नाही. सहा आठवड्यांनी ठरव, तेव्हा ठरवणारी तू आजच्यापेक्षा बरी असशील अशी मला खरंच आशा आहे. आणि या वेळी नाही बसलीस तर नाही बसलीस. परीक्षा दरवर्षी येते.

उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर, नाही लागला तर ओपीडीत जा, नंबर लाव. ५ मिनिटंच मिळणार असतील तर कागदावर लिहून ने आणि कागद त्यांच्या हातात दे, लाजू नकोस. "आज सातवा दिवस. मळमळ आहे, हात थरथरतात. पहाटे ३ ला जाग येते. धडधड आधीपेक्षा वाढलीये. जगू नये असे विचार आधी यायचे, आता", आणि पुढे जे खरं असेल ते लिही. मग प्रश्न. "१० एमजी लगेच करू की थांबू? गोळी सकाळी घेऊ का? क्लोनाझेपाम कधी आणि कशी बंद करायची? पाळीत दुखलं तर काय घेऊ? समुपदेशनासाठी कुणाकडे जाऊ?" हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस, गोळीसोबत कुणाशी तरी नियमित बोलणं झालं तर फरक पडतो, माझ्या बाबतीत खूप पडला. ते तुटक बोलले, घाईत वाटले तरी उत्तरं घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नकोस, आणि तरीही नाहीच ऐकलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, आधीची चिठ्ठी घेऊन, गोळी मध्ये बंद न करता.

आणि पुढच्या रविवारी मला दोन ओळी टाक. काय खाल्लंस एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझी ताई